नोंद लिहिली, पण उतरली का?



सिपना नदीकाठच्या सेमाडोहच्या जंगलात वनरक्षक गस्तीला निघतात. वाघाचा माग, विष्ठा, झाडावरचे ओरखडे यांची नोंद आता फोनवर होते. त्यासाठीची एम-स्ट्राइप्स ही पद्धत 2010 साली सुरू झाली. 2018 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत तिचं मोबाइल अ‍ॅप वापरलं गेलं. दाट जंगलात रेंज मिळत नाही, तेव्हा नोंदीला आसरा फोनचाच. ती तिथे पक्की केव्हा होते, ते आज सांगतो.

अ‍ॅपने लिहिलेलं आधी तात्पुरत्या स्मृतीत थांबतं. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे, आणि लिनक्स ते सवडीने कायमच्या साठ्यात उतरवतं. नेहमीच्या मांडणीत साधारण 30 सेकंद जातात. एवढ्यात अ‍ॅप बंद पडलं तरी नोंद शाबूत राहते. फोनच एकाएकी बंद पडला, तर गेली! म्हणून प्रोग्रामने ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यायची: आत्ताच उतरव, आणि उतरलं की मगच मला सांग.

फाइलची लांबी किती, तिचे तुकडे साठ्यात कुठे आहेत, शेवटचा बदल कधी झाला, हा झाला मेटाडेटा. एफसिंकने तोही उतरतो. पण फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं. ते डिरेक्टरीत असतं. नव्या फाइलला एफसिंक केलं म्हणून डिरेक्टरीतलं तिचं नाव उतरलंच, अशी हमी लिनक्स देत नाही. शेत आपण कसतो, पण सातबाऱ्यावर नावच चढलेलं नाही, अशी गत होते. त्यासाठी डिरेक्टरी उघडून तिलाही वेगळं एफसिंक करावं लागतं. माझं तर म्हणणं आहे, प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षातच हे शिकवावं.

आणखी एक. एफसिंकही फसतं. 2018 मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या जाणकारांना आढळलं, की साठ्यात लिहिताना चूक झाली तर लिनक्स ती एकदाच कळवतं. पुन्हा विचारलं तर ‘ठीक आहे’ असं उत्तर येऊ शकतं, मजकूर उतरलेला नसतानाही. तेव्हापासून एफसिंक फसलं की पोस्टग्रेस काम थांबवतं आणि आपल्या रोजनाम्यावरून सारं पुन्हा उभं करतं. फोनवरच्या अ‍ॅपनेही ही चूक गिळू नये. वनरक्षक अजून त्या मागाजवळ उभा आहे, तोवरच पडद्यावर दिसलं पाहिजे: नोंद झाली नाही, पुन्हा करा.