प्रवचनाचें नांव

मंदिराच्या फळ्यावर 'भक्ति' किंवा 'सदाचार' एवढेंच लिहिलेलें असलें, तर वाटसरू मान डोलावून पुढें जातो. विषय त्यास कळला. परंतु त्या विषयाशीं आपला संबंध काय, हें कळलें नाहीं. प्रवचनाच्या नांवानें तोच संबंध जोडावयाचा असतो.

ख्रिस्ती धर्मोपदेशकांत याचीं उत्तम उदाहरणें सांपडतात. २५ जुलै १७४१ रोजीं जॉन वेस्ली यांनीं ऑक्सफर्ड विद्यापीठापुढें केलेलें प्रवचन 'जवळजवळ ख्रिस्ती' या नांवानें प्रसिद्ध आहे. नुसतें 'ख्रिस्ती' म्हटलें असतें, तर वाचक निश्चिंत राहिला असता. 'जवळजवळ' या एका शब्दानें त्यास स्वतःकडे पाहणें भाग पडतें.

मार्टिन ल्यूथर किंग यांनीं ४ फेब्रुवारी १९६८ रोजीं अटलांटा येथें केलेल्या प्रवचनाच्या नांवांत 'ड्रम मेजर', म्हणजे बँडच्या अग्रभागीं मिरवणारा नायक आहे. सर्वांपुढें मिरवण्याची हांव प्रत्येकांत असते, येथून त्यांनीं आरंभ केला. आणि ती हांव मारूं नका, सेवेंत व न्यायांत पुढें होण्याकडे वळवा, येथवर श्रोत्यांस आणून सोडलें. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पालटला.

नांव देणें म्हणजे श्रोत्यास शब्द देणें होय. भडक नांवानें मंडप एकदां भरतो. परंतु दिलेला शब्द न पाळल्यास पुढें त्या वक्त्याची खरी गोष्टहि कोणी ऐकत नाहीं. म्हणून प्रवचन आधीं पुरें लिहावें, त्यांतील मनास बोचणारा शब्द शोधावा, आणि तोच फळ्यावर मांडावा.