अन्नाचे वेष्टन आणि जयणा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची परंपरा जैन समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अन्नाचा कण वाया जाऊ नये, उष्ट्यात जीवोत्पत्ती होऊ नये, हा तिच्यामागील विचार. स्वामीवात्सल्याच्या पंगतीत एकदा वापरून फेकण्याचे ताट आले आणि हा विचार मागे पडला. जे ताट धुवायचेच नाही, त्यात उरलेल्या अन्नाची चिंता कोण करणार?

पंच समितींपैकी पाचवी उत्सर्ग समिती. टाकावयाची वस्तू जीवहिंसा टाळून कोठे व कशी टाकावी, हे ती सांगते. ती मुनींसाठी असली तरी तिचा आशय श्रावकानेही जाणावा. उष्ट्यासह गाठ मारून फेकलेली पिशवी गाय तशीच गिळते. प्लास्टिक पचत नाही; ते पोटात साठत जाते आणि मुके जनावर भरल्या पोटी उपाशी मरते. एका हाताने पांजरापोळास दान आणि दुसऱ्या हाताने ही पिशवी, याचा मेळ कसा बसावा?

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्मोकोल व प्लास्टिकच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाची प्लास्टिकची ताटे, पेले व चमचे देशभर बंद झाले. तथापि पर्याय पारखूनच घ्यावा. चहाचा कागदी पेला आतून बहुधा प्लास्टिकच्या पातळ थराने मढवलेला असतो. तो साध्या रद्दीत चालत नाही. छापील वर्तमानपत्रात फरसाण बांधणेही अयोग्य, कारण शाई अन्नात उतरते.

म्हणून निवडीचा क्रम असा असावा. प्रथम स्टीलचे ताट. ते घासण्यात अप्‌कायाची हिंसा होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ताट धुऊन प्यायल्यास पुढे पाणी अल्पच लागते. त्यानंतर पळसाची पत्रावळ किंवा पोफळीच्या गळून पडलेल्या विरीचे ताट. मात्र चातुर्मासातील दमट हवेत त्यांत सूक्ष्म जीव होतात, तेव्हा ती पूंजून, तपासूनच घ्यावीत.

प्रभावनेचे लाडू प्रत्येकी वेगळ्या पिशवीत बांधण्याऐवजी घरून आणलेल्या डब्यात घ्यावेत. कापडाच्या दुकानातील उरल्यासुरल्या तुकड्यांच्या पिशव्या सहज शिवता येतात.

जे वेष्टन टाळता येत नाही, ते पुसून, सुकवून वेगळे ठेवावे. पाण्याच्या स्वच्छ बाटलीपासून पॉलिएस्टरचा धागा होतो आणि त्याचे कापड विणले जाते. तीच बाटली उष्ट्यात माखली की तिचे मोल उतरते. वेफर्सच्या चकचकीत पुड्यात प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांस चिकटलेले असतात. ते सुटे करणे कठीण, म्हणून असा पुडा भंगारवालाही सहसा घेत नाही. असा माल मुळातच कमी आणावा.

सुवर्णमहोत्सवी वर्षात संघाने स्टीलच्या ताटांचा संच उभारावा आणि तो प्रत्येक घरच्या कार्यास विनामूल्य द्यावा. पंगत उठल्यावर अंगणात कचऱ्याचा ढीग उरला नाही, तर जीवदयेचा उपदेश वेगळा करावा लागणार नाही.

जय जिनेंद्र!