घरचा मेन बोर्ड वाढलेल्या भाराला पुरेल का?

(अणदूर, ता. तुळजापूर येथे शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा माणूस. तुरीतले आंतरपीक, हरभऱ्याच्या दोन ओळींतील अंतर याविषयी मी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. पण आज संयोजकांना विनंती करून मी विषय बदलून घेतला आहे. त्याचे कारण आमच्या घरचेच आहे.

आमच्या चुलत्यांनी गोठ्यात दोन अश्वशक्तीची कडबा कुट्टी बसवली. घरच्या बोर्डावरून एक वायर काढली, ती गोठ्याच्या पत्र्यावरून नेली आणि काम सुरू झाले. पुढे आषाढातल्या एका पहाटे काकू धार काढायला गेल्या, तर म्हैस दावणीपाशी आडवी पडलेली. पत्र्याच्या कडेला घासून वायरचे आवरण गेले होते, रात्रभर पाऊस होता आणि ज्या लोखंडी खांबाला म्हैस साखळीने बांधली होती त्यात वीज उतरली होती. काकूंच्या पायाला झिणझिण्या आल्या आणि त्या मागे सरल्या, म्हणून वाचल्या. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असते, पायात चप्पल नसते. ओल्या जमिनीवर ते माणसाच्या आधी जाते.

मी सुटीत घरी गेलो तेव्हा बोर्ड पाहिला. फ्यूज शाबूत होता. उडणार कसा? त्यात फ्यूजची तार नव्हतीच. जुन्या वायरमधील तांब्याच्या चार-पाच काड्या पिळून बसवल्या होत्या. अर्थिंगची तार ओट्याखाली गेलेली दिसत होती, म्हणून ओटा उकरला. तार भिंतीतल्या एका खिळ्याला गुंडाळून संपली होती.

असे बोर्ड आपल्याकडे घरोघर का आहेत, ते पाहू. कुटीर ज्योती योजना १९८८-८९ मध्ये सुरू झाली, तेव्हा घरात एक दिवा लागला तरी आनंद होता. त्या काळी घरे माळवदाची, भिंती दगडमातीच्या. भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून वायर नेली जायची आणि बोर्डही लाकडाचा असायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर जिल्ह्यात अनेकांनी नवी घरे बांधली, पण बऱ्याच ठिकाणी जुना बोर्डच उचलून नव्या भिंतीवर लावला गेला. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपंपांपासून वेगळे करण्याचे काम झाले, गावात वीज जास्त वेळ राहू लागली. मग फ्रिज आला, मिक्सर आला, गिझर आला. भार दसपट झाला आणि बोर्ड एका दिव्याचाच राहिला. त्यातच लाकडाला वाळवी लागलेली आणि माळवद गळून भिंत ओली.

आता हिशेब करू. घरी जाऊन आपणही करावा. गिझर २००० वॅट, इस्त्री १०००, मिक्सर ५००, फ्रिज २००, टीव्ही १००, चार पंखे ३००, आठ एलईडी दिवे ७०. दोन अश्वशक्तीच्या कुट्टीला साधारण २००० वॅट धरा. बेरीज ६१७० होते. तिला २३० व्होल्टने भागले की सुमारे २७ अँपिअर येतात. सगळे एकदम चालत नाही हे खरे. पण यात्रेला पाहुणे आले की पहाटे गिझर, मिक्सर, फ्रिज आणि कुट्टी एका वेळी चालतातच. ते २० अँपिअर झाले. जुनी दीड चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची वायर दहाच्या आसपासच पेलते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. बोर्डाजवळ जळका वास येणे, गिझर लावला की दिवे मंद होणे, बटण हाताला गरम लागणे, या सर्व त्याच्याच खुणा होत.

यानंतर वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती लिहिला आहे ते पाहावे. तो वापरापेक्षा फारच कमी असेल, तर महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा. स्थिर आकार वाढेल म्हणून पुष्कळजण हे टाळतात. परंतु गावाची डीपी किती क्षमतेची लागेल हे मंजूर भारावरून ठरते आणि डीपी जळाली की अंधार सगळ्यांच्या घरात होतो. मीटर आणि त्याच्या आधीची वायर महावितरणची आहे; सीलला हात लावू नये. मीटरनंतरचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे आणि त्याचा चाचणी अहवाल मागून घ्यावा.

नवा बोर्ड लाकडाचा नको. झाकण असलेला धातूचा किंवा न जळणाऱ्या प्लॅस्टिकचा डबा कोरड्या भिंतीवर, हात पोचेल अशा उंचीवर बसवावा. मेन स्विच दोन पोलचा असावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतील. एकट्या न्यूट्रलवर फ्यूज कधीही ठेवू नये. तो उडाला की दिवा बंद होतो, पण वायर जिवंतच राहते आणि माणूस फसतो. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन चालू असते.

दिव्या-पंख्यांची लाइन वेगळी, स्वयंपाकघराची वेगळी, गिझरची वेगळी आणि गोठ्याची तर वेगळीच असावी. दिव्यांसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर व ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी, प्लग पॉइंटसाठी अडीचची वायर व १६ चा एमसीबी, गिझरसाठी चारची वायर व २० चा एमसीबी. एमसीबी वायर पाहून निवडायचा असतो, यंत्र पाहून नव्हे. वारंवार पडतो म्हणून १० च्या जागी ३२ चा बसवला, तर आधी वायर जळेल, एमसीबी नंतर पडेल. कुट्टीची मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट प्रवाह ओढते. तिच्यासाठी दुकानात ‘सी’ प्रकारचा एमसीबी मागावा.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. माणसाच्या छातीतून काही दशांश अँपिअरही जावे लागत नाहीत, त्याहून कमी प्रवाहाने प्राण जातो. १६ चा एमसीबी तिकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यासाठी आरसीसीबी हे वेगळे उपकरण आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत आला का, हे ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडते. मात्र भार जास्त झाला तर ते तोडत नाही, म्हणून दोन्ही लागतात. त्यावर एक चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबावे. आमच्याकडे अमावस्येला दाबतात. काही ठिकाणी न्यूट्रल गेला की अर्थिंगवर दिवे लावण्याची सवय आहे. तिथे आरसीसीबी टिकू देणार नाही, लगेच पडेल. मग वायरमन ते उपकरणच काढून टाकायला सांगतो. तसे करू नये, सवय सोडावी.

आता अर्थिंग, म्हणजे माझा विषय, माती. माती परीक्षणाच्या अहवालात आपण ईसी वाचता, म्हणजे विद्युत वाहकता. मातीतून वीज वाहते ती ओलाव्यामुळे आणि त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. कोरडा मुरूम वीज फारशी नेत नाही. काळी माती ओली असताना उत्तम नेते, पण तिच्यातील चिकणमाती उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि पाइपाभोवतीची माती पाइपापासून सुटते. वैशाखात तपासले तर अर्थिंग जवळजवळ नसल्यासारखे असते.

यात काय बिघडते ते आकड्यांत पाहा. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल, तर यंत्राच्या अंगात वीज उतरताच २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील आणि फ्यूज किंवा एमसीबी तोडेल. डीपीकडच्या अर्थिंगचा रोध धरला तर आकडा कमी होतो, तो सोडून देऊ. रोध ५० ओहम असेल तर फक्त साडेचार अँपिअर जातील. फ्यूजला वाटेल, दोन दिवे जास्त लागले! यंत्र जिवंत राहील आणि कोणीतरी हात लावीपर्यंत तसेच उभे राहील. आमच्या गोठ्यातला खांब तसाच उभा होता. साडेचार अँपिअर ३० मिलिअँपिअरच्या दीडशे पट आहेत. आरसीसीबी असता तर पत्र्याला वायर लागताक्षणीच लाइन तुटली असती.

म्हणून अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून पाच फूट दूर, मोरीचे पाणी मुरते अशा बाजूला घ्यावा. अडीच मीटर लांबीचा गॅल्व्हनाइझ्ड पाइप उभा पुरून भोवती लाकडी कोळसा आणि मिठाचे थर द्यावेत, वर पाणी ओतायला नरसाळे ठेवावे. मीठ पावसाने दरवर्षी धुपते आणि पाइपही गंजवते. दोन-तीन वर्षांनी उघडून पाहावे, उन्हाळ्यात आठवड्याला दोन घागरी पाणी ओतावे. एक गोष्ट मात्र कृषिविद्येचा माणूस म्हणून सांगतो: खड्डा लिंबाच्या किंवा आंब्याच्या आळ्याजवळ घेऊ नका. ते मीठ मुळांना सोसत नाही. रोध मोजायचे यंत्र ठेकेदाराकडे असते. मोजणी उन्हाळ्यातच करून घ्यावी.

सगळे काम एकदम जमत नसेल तर आधी अर्थिंग आणि आरसीसीबी करावे, मग गोठ्याची वेगळी लाइन, बाकीची वायर पुढच्या सुगीनंतर. आणि आज घरी गेल्याबरोबर बोर्ड न उघडता एवढे तरी पाहावे, की कपडे वाळत घालायची लोखंडी तार गोठ्याच्या पत्र्याला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली नाही ना. असेल तर मेन बंद करून, कोरड्या दिवशी ती सोडवून प्लॅस्टिकची दोरी बांधावी.

चुलत्यांनी त्यानंतर दुसरी म्हैस घेण्याआधी बोर्ड बदलला. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी मेळाव्यानंतर मला भेटावे; त्याचा आराखडा मी कागदावर काढून आणला आहे.