तिरप्या पट्टीचे मोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घर कशाने उभे राहते, या विषयावर मला आज चार शब्द बोलायचे आहेत. घर बाईच्या जिवावर उभे असते, असे कोणी म्हणेल. पण मी खऱ्याखुऱ्या खांबतुळयांविषयी बोलणार आहे. तसे कारणही घडले आहे.

आपल्या पापडांच्या मांडवाची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहेच. दारातली तिरपी पट्टी जातायेता डोक्याला लागते, तेव्हा ती काढून टाका, असे सुचवणारी मीच होते. पहिल्याच वळिवाच्या वाऱ्यात मांडव हातभर कलला. नशीब, त्या वेळी आत कोणी नव्हते. खांब तर चांगले जाड होते, खिळेही शाबूत होते. मग उणे काय पडले?

ही माझ्या हातातली पुठ्ठ्याची चौकट पाहा. चार पट्ट्या आणि चार कोपऱ्यांत चार टाचण्या. बोटाने ढकलली की कलते. एकही पट्टी वाकत नाही, फक्त कोन बदलतात. आता समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी पाचवी पट्टी लावते. ढकलून पाहा, हलत नाही! चौकोनाचे दोन त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. बाजू तुटल्यावाकल्याशिवाय किंवा सांधा सुटल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. छपराची कैची, विजेच्या तारांचे मनोरे, रेल्वेचे लोखंडी पूल यांत जागोजाग त्रिकोण दिसतात ते याचसाठी.

यात एक बारकावा आहे. एका बाजूने वारा आला की तिरपी पट्टी ताणली जाते, उलट बाजूने आला की दाबली जाते. बारीक पट्टी ताण सोसते, पण दाबाखाली वाकते. म्हणून पट्ट्या बारीक असतील तर फुलीसारख्या दोन लावाव्या. घरातली डुगडुगणारी मांडणी मागून फळी ठोकली की ताठ होते, तीही याच न्यायाने.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जन करून निजलेल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे घरांखाली गेली. मातीत रचलेल्या धोंड्यांच्या जाड भिंती, वर मातीचे जड माळवद. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग एकमेकांत बांधलेले नव्हते. कित्येक घरांत लाकडी खांब व तुळया होत्या, पण त्यांना तिरपे टेकू नव्हते. पुढे जुन्या घरांसाठी जाणकारांनी उपाय सांगितले: माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, भिंतींना सभोवार पट्टा बांधा, आणि खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे टेकू द्या. नुसत्या टेकूने भागत नाही, हेही यातून ध्यानात घ्यावे.

काश्मीरात 'धज्जी दीवारी' नावाची जुनी बांधणी आहे. लाकडाच्या लहान लहान चौकटी, त्यांत तिरपी लाकडे आणि मधल्या जागेत विटा किंवा दगडमाती. धज्जी म्हणजे कापडाची चिंधी. भिंत दिसतेही आपल्या गोधडीसारखी! ८ ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात अशा पुष्कळ भिंतींना तडे गेले, गिलावा पडला, पण घरे कोसळली नाहीत आणि आतली माणसे वाचली.

आपल्या मांडवाला आता दार मोकळे ठेवून बाजूच्या खणांत फुल्या मारल्या आहेत. तेव्हा डोक्यालाही लागत नाही आणि मांडवही हलत नाही. भगिनींनो, घरी गेल्यावर आपापले माळे, पडव्या, मांडण्या एकदा हाताने हलवून पाहा. आणि दुरुस्तीच्या वेळी एखादे तिरपे लाकूड अडचणीचे वाटले, तर काढण्याआधी जाणत्या सुताराला विचारा. मी विचारले नव्हते, म्हणून सांगते.