मुखपृष्ठांचे नातेगोते

ग्रंथालयात भाषेनुसार कपाटे लागतात. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात मात्र चित्रांची नाती या कपाटांच्या भिंती ओलांडतात. मद्रासहून नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ सुरू केला. १९४९ मध्ये कन्नड आवृत्ती आणि १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’ आला. अक्षरे निराळी, पण चित्रे समाईक. १९५६ मध्ये हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, तरी ही भावंडे येथे एकाच पेठेत वाचली गेली.

संग्राहकाने दोन नाती वेगळी ओळखावीत. तेच चित्र दुसऱ्या भाषेच्या अंकावर असेल, तर ते ‘संबंधित’. एका मुखपृष्ठावरील दृश्य दुसऱ्यावर पुढे चालले, तर ते ‘जोडचित्र’. अमेरिकेत १९९१ साली ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच मुखपृष्ठांनी निघाला. त्यांतील चार शेजारी मांडली की जिम ली यांचे एक सलग दृश्य पुरे होते.

अंक आपल्या भाषेच्या कपाटातच असावा. नोंदपत्रावर नात्याचा प्रकार व दुसऱ्या अंकाचा दाखल क्रमांक लिहावा. जोडचित्राचा डावा-उजवा क्रमही टिपावा.

वार्षिक बांधणीत मुखपृष्ठे काढली जातात आणि कडा छाटल्या जातात. जोडचित्राचा पुरावा तर कडेवरच असतो. ‘चांदोबा’ आता निघत नाही, तेव्हा गेलेले पान पुन्हा मिळणे कठीण. म्हणून आधी नोंद व्हावी, मग बांधणी.