दोन पेट्यांतली पत्रं

उरणच्या मोरा बंदरावरून लाँच सुटली की भाऊच्या धक्क्यापर्यंत हाताशी भरपूर वेळ असतो. मागे वळून पाहिलं तर न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन दिसतात. हे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झालं. त्याआधी तिथे शेवा नावाचं गाव होतं. मिठागरं, खाजण, भाताची शेतं, ओहोटीला चिखलात टेकलेल्या होड्या. आणि याच पाण्यातून वर्षानुवर्षं विलायतेची डाक मुंबईला उतरत होती. आगबोटीच्या पोटात हजारो पत्रांच्या थैल्या, त्यात नवऱ्याची बायकोला, प्रियकराची प्रेयसीला लिहिलेली पत्रं. आणि बाजूला जाळं टाकून बसलेला कोळी, ज्याला आयुष्यात कधी कुणाचं पत्र आलं नाही.

आज बोलायचं आहे ते जुनी पत्रं आणि जुने फोटो यांच्याविषयी. त्यांतून घरातला संसार, लग्न, प्रेम कितपत दिसतं, हा प्रश्न आहे. आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. पत्र लिहिलं जातं ते माणसं दूर असतात तेव्हा. जी नवरा-बायको चाळीस वर्षं एका छपराखाली नांदली, त्यांच्या संसाराचा कागद उरत नाही. संग्रहालयात सापडतो तो ताटातुटीचा इतिहास. एकत्र जेवल्याचा, भांडून पुन्हा बोलल्याचा पुरावा कोण ठेवणार?

आता सावित्रीबाई फुल्यांची पत्रं घ्या. जोतीरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रं प्रसिद्ध आहेत, 1856, 1868 आणि 1877 सालची. तिन्ही त्या पुण्याबाहेर असतानाची: दोन माहेरून, नायगावहून, आणि तिसरं दुष्काळात ओतूरहून. त्यांत रुसवेफुगवे शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण 1868 च्या पत्रात एक प्रेमप्रकरण आहे, दुसऱ्याच कुणाचं. एक ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मानलेल्या जातीतली एक मुलगी. तिला सहावा महिना. गावकऱ्यांनी दोघांना गावातून फिरवत नेलं होतं, मारून टाकायचं होतं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. मग दोघांना जोतीरावांकडे पाठवून दिलं आणि हे सगळं पत्रात कळवलं. मला यात जोतीराव-सावित्रीबाईंचा संसार दिसतो. बायको नवऱ्याला विचारत नाही, की पाठवू का? पाठवून मोकळी होते, कारण पलीकडे कोण आहे ते तिला ठाऊक आहे.

दुसरं जोडपं आपल्या जवळचं. कल्याणची यमुना, जन्म 31 मार्च 1865. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्यानं नाव ठेवलं आनंदी. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टातला कारकून. बदली होऊन ते अलिबागला आले, म्हणजे उरणहून एक खाडी ओलांडली की पलीकडे. टपालखात्यातल्या माणसाचा संसार पुढे टपालावरच तोलला जावा, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. 1883 च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय अमेरिकेला शिकायला निघाल्या. त्यानंतर दोनेक वर्षं नवरा-बायको फक्त कागदावर भेटत होती.

या पत्रव्यवहारातलं एक पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यात आनंदीबाई नवऱ्याला जुन्या गोष्टींची आठवण देतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी खाल्लेला मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं. तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे, अशा अर्थाचं त्या लिहितात. कारण शिक्षणाची जिद्दही त्याच हातानं दिली होती. हे वाक्य अलिबागच्या घरात, समोर उभं राहून, ती मुलगी बोलू शकली असती का? मध्ये अख्खा समुद्र आला तेव्हा ते लिहिता आलं.

आनंदीबाईंचा एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फिया. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात: जपानची केई ओकामी, सीरियाची सबात इस्लामबुली आणि साडीतल्या आनंदीबाई. फोटोत त्या शांत, ठाम दिसतात. पत्रातली खुर्ची त्या फोटोत कुठेच नाही. फोटो माणसाला सजवून बसवतो, पत्र त्याला बोलतं करतं. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावं लागतं.

इथे एक गंमत सांगतो, सहसा ध्यानात येत नाही अशी. आपली पत्रं आपल्याकडे नसतात. मी लिहिलेलं पत्र तुमच्या पेटीत आणि तुमचं माझ्या पेटीत. त्यामुळे संग्रहात बहुतेक वेळा एकच आवाज सापडतो. दुसरी पेटी भावकीच्या वाटणीत, पुरात, चुलीत गेलेली असते. दोन्ही आवाज ऐकायचे तर दोन पेट्या एका घरात याव्या लागतात. तशा त्या आल्या कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या घरात. कॉलेजच्या दिवसांत ओळख झाली, मग वर्षानुवर्षं पत्रं. कुसुमावती पुढे शिकायला इंग्लंडला गेल्या. विलायतेची डाक तेव्हा मुंबईला उतरायची, म्हणजे त्या थैल्यांतली काही पत्रं त्यांचीही असणार. 1929 साली लग्न झालं आणि पेट्या जुळल्या. कुसुमावतीबाई 1961 मध्ये गेल्या. त्यांच्या मागे, 1972 साली, अनिलांनी दोघांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' नावानं छापली. तेव्हा कुजबुज झालीच असणार, की खाजगी गोष्ट चव्हाट्यावर कशाला? पण त्या पुस्तकामुळे शंभर वर्षांपूर्वीची शिकलेली मराठी मुलगी प्रेमात असताना कशी विचार करायची, हे तिच्याच शब्दांत कळतं.

हे झालं लिहिणाऱ्यांचं. शेव्याच्या कोळीवाड्यात, आगरी पाड्यांवर काय? एका म्हातारीला मी विचारलं होतं, लग्न ठरल्यावर कधी चिठ्ठी-चपाटी? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरतीच्या वेळी ओहोटीबद्दल बोलतोय. "रोज बंदरावर दिसायचा," ती म्हणाली, "कागद कनाला लिवाचा?" आमच्याकडची लग्नाची कागदपत्रं धवलारिणीच्या गळ्यात. मांडव पडला, हळद लागली की ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते. नवरीचं घर, माहेरची माणसं, देवदेवता सगळं त्यात येतं. तिला दप्तर लागत नाही.

कागद नव्हता, पण फोटो आला. लाँचनं मुंबईला जाऊन स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब आणि बाग, बाजूला स्टुलावर कुंडी. नवरा खुर्चीत, बायको उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर. दोघांपैकी कुणीही हसत नाही. अशा फोटोत प्रेम शोधू नका, ते तिथे ठेवलेलं नाही. पण साडी पाहा, दागिने पाहा, आणि नवऱ्याच्या पायांत त्या दिवसापुरता घातलेला बूट पाहा. कुणाचं कर्ज काढून लग्न झालं, कुणाचा हंगाम बरा गेला होता, ते तिथे कळतं.

मग बंदर आलं आणि शेव्याच्या कोळीवाड्याला उठावं लागलं. उरण शहराजवळ हनुमान कोळीवाडा वसला. त्या जागेला वाळवीनं पोखरलं. दारं, चौकटी, वासे, सगळं. दुसरीकडे वसवा, ही मागणी तिथले लोक कित्येक वर्षं करत आहेत, त्यासाठी आंदोलनंही झाली. बातम्यांत घरांच्या भिंती येतात. भिंतीवरच्या फोटोंचं कुणी बोलत नाही. वाळवीला चौकटीचं लाकूड आवडतं तसा मागचा पुठ्ठाही आवडतो. ती मागून आत शिरते आणि काचेच्या पुढून सगळं शाबूत दिसत राहतं, एके दिवशी फोटो उतरवेपर्यंत.

म्हणून थोडं कामाचं सांगतो. फोटो भिंतीवरून काढून पत्र्याच्या डब्यात ठेवा, डबा जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका. चिकट पारदर्शक पानांच्या अल्बममधून जुने फोटो हलक्या हातानं सोडवा. पत्रांना टाचणी, क्लिप नको, गंज कागद खातो. मोबाइलवर एक प्रत काढून ठेवा. आणि मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीनं नावं लिहा. आज घरात ओळखणारं माणूस आहे, उद्या असेलच असं नाही.

त्याच म्हातारीच्या फोटोमागे मी नाव लिहायला घेतलं. तिच्या धाकट्यानं बापाचं नाव सांगितलं, पुढे "आणि त्याची बायको" म्हणाला. मी तिला विचारलं, तुमचं नाव काय लिहू? सासरचं की माहेरचं?

तिनं फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. नवरीच्या पायाशी वाळवीनं खाल्लेला नखाएवढा तुकडा होता, तो बोटानं झाकला.

"दोनी लिव," म्हणाली, "जागा हाय ना?"

जागा होती.