वाटी तरते, खिळा का बुडतो?



विज्ञान म्हणजे पाठ करून परीक्षेत उतरवायचा विषय, असा पुष्कळांचा समज असतो. आज मी जो नियम सांगणार आहे तो प्रसंगी जीव वाचवू शकतो.

घरी बादलीभर पाण्यात लोखंडी खिळा टाका. तो तळाशी जाईल. मग स्टीलची रिकामी वाटी अलगद ठेवा. खिळ्याहून कितीतरी जड असूनही ती तरंगेल. असे का? वस्तू पाण्यात शिरली की पाणी बाजूला सरते, आणि सरलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर लोटते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने हा सिद्धांत मांडला. लोखंड पाण्याच्या सुमारे पावणेआठपट जड. म्हणून भरीव खिळा आपल्या वजनाइतके पाणी सारूच शकत नाही. वाटी मात्र पोकळ. 100 ग्रॅमची वाटी 100 ग्रॅम पाणी सारीपर्यंत खाली जाते आणि तेथेच थांबते.

आता वाटीत चमचा-चमचा वाळू टाका. दर चमच्यागणिक ती खाली जाईल. काठ पाण्याजवळ आला की एक लहानशी लाटही तिला बुडवायला पुरे.

होडीचेही तसेच आहे. समजा, होडीने पाण्यावर 6 चौरस मीटर जागा व्यापली आहे. तीत 60 किलो वजनाची 10 माणसे जादा चढली, तर होडी 600 लिटर पाणी जादा सारील, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटर अधिक खोल जाईल. तेवढी उंची लाटांसाठी राखलेली होती! त्यात सगळे एका बाजूला सरले, तर त्या बाजूचा काठ आणखी खाली जाणार.

हे ओळखून ब्रिटिश संसदेचे सभासद सॅम्युएल प्लिमसोल खलाशांसाठी झगडले. 1876 च्या कायद्याने जहाजाच्या बाजूवर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. पण ती कोठे काढायची हे मालकच ठरवीत! 1890 मध्ये तिची जागाही कायद्याने ठरली.

पालकहो, आपला मुलगा वा मुलगी बादलीशी असे प्रयोग करू लागली तर रागावू नका. जवळ बसून पाहा. आणि विद्यार्थी मित्रांनो, धक्क्यावर गेलात की आधी होडीचा काठ पाहा. तो पाण्याला टेकायला आला असेल, तर कितीही घाई असो, पुढच्या फेरीची वाट पाहा.